निदान तीन अक्षरं

डावीकडच्या फळीवरून शोधपेटी उचलली,
ओढत आणून पडद्याच्या मधोमध सोडली.
चार कोपऱ्यांना चार ठिपके, आत एवढंसं भिंग.
रीगात त्या दिवशी साडेतीनलाच अंधारलं होतं
आणि ट्रामच्या हरवल्या-सापडल्याच्या कचेरीत
हीटर नुसताच खोकत होता.

उजवीकडे गुणधर्मांची यादी. मी भरत गेलो :
रुंदी, उंची, कोपऱ्यांची गोलाई.
पेटीत फिकट अक्षरांत : काय हरवलं?
निदान अक्षरं : तीन.
रिकामं चालेल : नाही.
खाली तक्ता जोडला, तर त्याने पदरचंच काही ओतलं,
नमुना एक, नमुना दोन, नमुना तीन...

"हे कुणाचं?" झिद्राबाई मागे उभ्या.
एकतीस वर्षं काउंटरवर, मे महिन्यात निवृत्त.
"कुणाचंच नाही," म्हटलं, "जागा अडवायला."
त्या आत गेल्या. फडताळ खडखडलं.
मग माझ्या कीबोर्डशेजारी मांडामांड :
एक स्केट, पात्याला गंज;
कवळी, वरची, रुमालात;
खारवलेल्या अळंब्यांची बरणी, झाकण शाबूत;
लाल हातमोजा, अंगठा भलत्याच लोकरीने रफू केलेला;
आणि किल्ली, दोरीत ओवलेली.
"जागा अडवायचीच, तर यांना अडवू दे."

पाचही नोंदवल्या. किल्ली शोधून पाहिली.
काही नाही.
आमच्या भाषेत किल्लीच्या मधल्या स्वराला
डोक्यावर आडवी रेघ असते, स्वर लांबवणारी.
घाईत बोटं ती गाळतात, थंडीत तर नक्कीच.
रेघ नाही तर किल्ली नाही, यंत्र अडून बसलं.
झिद्राबाई म्हणाल्या,
"घराबाहेर कुडकुडणाऱ्या माणसाचं
ऱ्हस्वदीर्घ मी कधी तपासलं नाही."
एक खूण काढायची होती फक्त. तरी ती सापडायला
मला संध्याकाळ लागली.

दुसऱ्या दिवशी तक्त्यात खऱ्या नोंदी आल्या.
काळा हातमोजा : दोनशे चौदा.
मी खूश. बाई नाहीत.
"आता यातला त्याचा कुठला?
मी मुळी विचारतच नाही काय हरवलं.
विचारते, कुठे बसला होतात?
खिडकीशी, की दाराजवळ? शेजारी कोण होतं?
माणूस डोळे मिटतो, पुन्हा ट्राममध्ये चढतो,
आणि वस्तू आपसूक त्याच्या मांडीवर येते."

मी फिकट अक्षरं पुसली.
कुठे बसला होतात? असं लिहिलं.
साहेबांना ते विचित्र वाटलं. वाटू दे.

फेब्रुवारीत पडदा लोकांसाठी उघडला.
पहिल्या रात्रीचा हिशेब पाहिला :
कुणीतरी काहीच न लिहिता भिंग दाबलं होतं.
लाल ओळ उमटली : निदान तीन अक्षरं लिहा.
पुन्हा दाबलं. पुन्हा लाल ओळ.
सतरा वेळा, पहाटे दोन ते सव्वातीन.

"बिघाड असेल," मी म्हणालो.
झिद्राबाई चहात साखर ढवळत राहिल्या, ती विरघळली तरी.
"येतात तसले. नाव घेता येत नाही त्यांना.
पण बघितलं की ओळखतात.
मी काउंटरची फळी उचलते
आणि सरळ आत नेते, फडताळापाशी.
कधी तासभर उभे असतात.
बहुतेक रिकाम्या हाताने जातात, पण जाताना
टोपी नीट घालतात."

हत्यार उघडलं. पेटीवर टिचकी,
चार कोपऱ्यांना चार ठिपके जागे झाले.
निदान अक्षरं : शून्य.
रिकामं चालेल : होय.
आणि मीच, काही न लिहिता, भिंग दाबलं.

चार हजार तीनशे बारा वस्तू
एकाखाली एक उतरत गेल्या,
छत्र्या, छत्र्या, एक ट्रंपेट, छत्र्या,
मुलांच्या टोप्या, कुणाचं तरी गुंडाळलेलं पडद्याचं कापड.
मध्येच कुठेतरी ती अळंब्यांची बरणी.
नोंद अजून तशीच आहे : झाकण शाबूत.
नाताळात आम्ही दोघांनी ती उघडली, हे
तक्त्यात लिहायला रकाना नाही.